हिरड्या सुजल्या की रक्तातल्या दुरुस्ती-पेशी का वाढतात?

हिरड्यांचा जुनाट आजार असलेल्या माणसांच्या रक्तात एका खास जातीच्या पेशी निरोगी हिरड्यांच्या माणसांपेक्षा जास्त सापडतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराची डागडुजी करणं हे या पेशींचं काम. हे वाचून कुणालाही वाटेल की मग बरंच झालं, हिरड्या खराब असल्या तरी रक्तवाहिन्या तरी मजबूत राहतील. पण हा आजार, म्हणजे पायोरिया, असलेल्यांना हृदयविकाराचा धोका कमी नसतो, उलट थोडा जास्तच असतो. दुरुस्ती करणारे जास्त आणि बिघाडही जास्त, हे कसं काय? या विषयातली खरी गंमत तिथेच आहे. बहुतेक लेख मात्र ‘तोंड स्वच्छ ठेवा, हृदय सांभाळा’ एवढं सांगून मोकळे होतात.

आधी रक्तवाहिनीकडे बघू. धमनी म्हणजे नुसती नळी नव्हे. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, फरशीसारखा सपाट पसरलेला. त्याला एंडोथेलियम म्हणतात. रक्ताचा थेट संबंध येतो तो याच थराशी. रक्त कुठे गोठू द्यायचं आणि कुठे नाही, कोणत्या पांढऱ्या पेशींना भिंतीतून आत सोडायचं, धमनी किती सैल करायची, हे सगळं तो ठरवत असतो. धमनी सैल करण्यासाठी तो नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतो. या वायूचं शरीरातलं काम उलगडल्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ साली नोबेल मिळालं. अस्तर निरोगी असेल तर धमनी गरजेप्रमाणे रुंदावते. ते दुखावलं की नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो, धमनी ताठर वागू लागते आणि चरबीचे थर साचायला जागा मिळते. हृदयविकाराची सुरुवात होते ती इथे, छातीत दुखण्याच्या कितीतरी वर्षं आधी.

उच्च रक्तदाब, साखर, तंबाखूचा धूर यांमुळे या थराची झीज होतच असते. ती भरून कशी निघते? मोठ्या माणसांत शेजारच्या पेशी विभागतात आणि रिकामी जागा भरतात, एवढंच उत्तर बराच काळ मानलं जायचं. मग १९९७ मध्ये बोस्टनमध्ये काम करणारे ताकायुकी आसाहारा, जेफ्री इस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. मोठ्या माणसाच्या रक्तातून काढलेल्या काही पेशी योग्य परिस्थितीत एंडोथेलियमसारखं रूप घेतात, आणि प्राण्यांच्या शरीरात सोडल्या तर रक्तपुरवठा तुटलेल्या जागी जाऊन बसतात, असं त्यात होतं. त्यांना एंडोथेलियल प्रोजेनिटर सेल्स म्हणतात. आपण सोयीसाठी ‘दुरुस्ती-पेशी’ म्हणू. त्यांचा मूळ मुक्काम हाडांच्या आत, अस्थिमज्जेत. गरज पडली की त्या तिथून सुटून रक्तात येतात.

रक्तात त्या अतिशय विरळ असतात. लिम्फोसाइट, मोनोसाइट वगैरे पांढऱ्या पेशींच्या गर्दीत त्यांचं प्रमाण ०.०१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरतं. त्या शोधायच्या म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणा ओळखाव्या लागतात. सीडी३४ ही अशीच एक खूण. चकाकणारी प्रतिपिंडं खुणांना चिकटवायची, पेशी एकेक करून लेझरच्या झोतासमोरून न्यायच्या आणि चमकतील त्या मोजायच्या. या यंत्राला फ्लो सायटोमीटर म्हणतात. मोजायच्या पेशीच एवढ्या कमी असल्या की थोडी चूकही मोठी दिसते, हे पुढे वाचताना लक्षात असू द्या.

या पेशींबद्दलचे सुरुवातीचे मोठे अभ्यास एकाच दिशेने बोट दाखवत होते. २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ४५ पुरुषांचा अभ्यास आला. हृदयविकार नसलेल्या या पुरुषांमध्ये ज्यांच्या रक्तातून प्रयोगशाळेत दुरुस्ती-पेशींच्या वसाहती कमी वाढल्या, त्यांची धमनी नीट रुंदावत नव्हती आणि हृदयविकाराचा अंदाजित धोकाही जास्त होता. २००५ मध्ये त्याच नियतकालिकात हृदयाच्या धमन्यांचा आजार असलेल्या ५१९ रुग्णांचा जर्मन अभ्यास छापून आला. ज्यांच्या रक्तात या पेशी कमी होत्या, त्यांच्यात पुढच्या १२ महिन्यांत हृदयविकाराने मृत्यू जास्त झाले. सिगारेट ओढणाऱ्यांत आणि मधुमेहींतही पेशी कमी आढळतात. सिगारेट सोडली की वाढतात, व्यायामाने वाढतात. थोडक्यात, पेशी जास्त असणं चांगलं आणि कमी असणं वाईट, असं समीकरण पक्कं व्हायला लागलं होतं.

हिरड्यांच्या आजाराने या समीकरणात खोडा घातला.

हिरडी आणि दात यांच्यात एक बारीक फट असते. निरोगी माणसात तिची खोली १ ते ३ मिलिमीटर. डेंटिस्ट एका बोथट, खुणा केलेल्या सळईने ती मोजतात आणि मदतनिसाला ‘तीन, दोन, तीन’ असे आकडे सांगत जातात. तपासणीला गेलेल्या बऱ्याच जणांनी ते ऐकले असतील, पण फार थोड्यांना त्यांचा अर्थ कुणी सांगितला असेल. ४ किंवा त्याहून मोठा आकडा आला की काळजी घ्यायची. इतक्या खोल फटीच्या तळाशी ब्रश पोहोचत नाही, तुम्ही कितीही घासा. सळई फिरवल्यावर किती ठिकाणी रक्त आलं हेही टिपलं जातं.

फट खोल होते ती अशी. दातावर जिवाणूंचा चिकट थर बसतो, तो प्लाक. काही दिवस तसाच राहिला की लाळेतले क्षार त्यात साचून तो टणक होतो. ते कीटण. हिरडी सुजते, लाल होते, घासताना रक्त येतं. इथपर्यंतचा आजार पूर्ण परतवता येतो. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. सुमारे तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या. हिरड्यांच्या विज्ञानात इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग दुसरा नसेल. सगळ्यांची सूज मात्र तिथेच थांबत नाही. काहींच्यात ती खोलवर उतरते, दाताला हाडाशी धरून ठेवणारे तंतू तुटतात, हाड झिजतं आणि फटीचा खिसा होतो. याला पेरिओडोन्टायटिस म्हणतात, बोलीभाषेत पायोरिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार याच्या गंभीर रूपाने जगात १ अब्जाहून जास्त लोक ग्रासले आहेत.

या खिशाची आतली भिंत म्हणजे अक्षरशः उघडी जखम असते. अस्तर जागोजागी सोललेलं, खाली सुजलेल्या केशवाहिन्यांचं जाळं आणि समोर जिवाणूंचा थर. सगळ्या दातांभोवतीच्या खिशांचं क्षेत्रफळ एकत्र केलं तर तळहाताएवढी जखम होते, असं सर्रास सांगितलं जातं. ते अतिशयोक्त आहे. काळजीपूर्वक मोजलं तेव्हा आकडा साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर आला. तरी तो कमी नाही. एवढी जखम हातावर वर्षानुवर्षं वाहत असती तर कुणी गप्प बसलं असतं का? तोंडात आहे, दुखत नाही, म्हणून चालवून घेतलं जातं.

या जखमेतून रक्तात दोन गोष्टी जातात. एक म्हणजे जिवाणू. चावताना, घासताना ते केशवाहिन्यांत ढकलले जातात. बहुतेक वेळा रोगप्रतिकारक यंत्रणा मिनिटांत त्यांचा निकाल लावते, पण हा प्रकार रोज, दिवसातून अनेकदा घडतो. पोर्फायरोमोनास जिंजिवॅलिस हा त्यांतला सर्वांत अभ्यासलेला जिवाणू. तो एंडोथेलियमच्या पेशींच्या आत शिरू शकतो हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. दुसरी गोष्ट म्हणजे दाहाचे रासायनिक निरोप. हिरडीत तयार झालेलं इंटरल्यूकिन-६ रक्तातून यकृतापर्यंत जातं आणि यकृत सीआरपी नावाचं, दाहाची खूण मानलं जाणारं प्रथिन जास्त बनवू लागतं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये सीआरपी किंचित वाढलेलं दिसतं आणि कारण काही केल्या सापडत नाही, तेव्हा तोंड उघडून बघण्याची आठवण फारशा कुणाला होत नाही.

हेच निरोप अस्थिमज्जेलाही मिळतात. दाह झाला किंवा रक्तवाहिनी दुखावली की व्हीईजीएफ, जी-सीएसएफ यांसारखे रेणू वाढतात. मज्जेतल्या पेशींना जागेवर धरून ठेवणारी बंधनं सैल होतात आणि पेशी रक्तात उतरतात. हृदयविकाराचा झटका आल्यानंतरच्या दिवसांत दुरुस्ती-पेशी अशाच वाढलेल्या दिसतात. झटक्यात हाक मोठी आणि एकदाच येते. पायोरियात ती दबक्या आवाजात, पण न थांबता चालू असते.

हाँगकाँगमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. एरवी निरोगी, पण मध्यम ते तीव्र पायोरिया असलेल्या लोकांच्या रक्तात दुरुस्ती-पेशी जास्त आढळल्या. २०११ मध्ये त्यांनी पुढची पायरी गाठली. अशाच रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाच्या हिरड्यांवर लगेच उपचार केले, दुसऱ्यावर नंतर करायचे ठरवले. तीन महिन्यांनी उपचार झालेल्यांच्या रक्तात सीडी३४ खूण असलेल्या पेशी कमी झाल्या होत्या. जर्मनीतल्या बॉनमध्ये उंदरांवर प्रयोग झाला. पोर्फायरोमोनास जिंजिवॅलिस पुन्हा पुन्हा रक्तात सोडला तेव्हा उंदरांच्या रक्तातल्या दुरुस्ती-पेशी वाढल्या. तो निबंध २०१३ मध्ये आला.

उपचारानंतर ‘चांगल्या’ पेशी कमी झाल्या, तर उपचार फसला म्हणायचं का? इथे जुनं समीकरण बाजूला ठेवावं लागतं. एखाद्या रस्त्यावर रोज डांबर घेऊन कामगार दिसत असतील तर तो रस्ता चांगला आहे असं कुणी म्हणत नाही, तो सारखा उखडतोय असंच म्हणतात. रक्तातला आकडा सांगतो तो मागणीबद्दल: मज्जेला हाक किती जोरात जातेय, एवढंच. दुरुस्ती किती झाली हे त्यातून कळत नाही. सिगारेट ओढणारे आणि मधुमेही यांच्यात आकडा कमी येतो, कारण तिथे मज्जेची ताकदच खचते. मधुमेहात तर पेशी मज्जेतून बाहेर पडण्याची वाटही बिघडते. पायोरिया असलेल्या, पण बाकी धडधाकट माणसात मज्जा अजून शाबूत असते, ती हाकेला ओ देते. म्हणून एकाच पेशीचा कमी आकडा एका माणसात वाईट बातमी असतो आणि दुसऱ्यात दिलासा. हे वर्षानुवर्षं चाललं तर शेवटी मज्जाही थकत असेल, असा तर्क काही संशोधक मांडतात. मला तो पटण्यासारखा वाटतो, पण आहे तो तर्कच.

आता धमनी स्वतः काय म्हणते ते बघू. ती तपासायची एक साधी पद्धत आहे. हातावर रक्तदाबाचा पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग सोडायचं, आणि दंडातली धमनी किती टक्के रुंदावते हे सोनोग्राफीवर बघायचं. २००७ मध्ये मॉरिझियो टोनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये तीव्र पायोरियाच्या १२० रुग्णांवर ही तपासणी केली. निम्म्यांची वरवरची सफाई केली. उरलेल्यांवर कसून उपचार केले: हिरडी बधिर करून खिशांच्या तळापर्यंत सफाई, वाचण्यासारखे नसलेले दात काढणं आणि खिशांत औषध. २४ तासांनी कसून उपचार झालेल्यांची धमनी आधीपेक्षा वाईट वागत होती आणि सीआरपी वाढलं होतं. सहा महिन्यांनी मात्र त्यांची धमनी दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २ टक्के-अंशांनी जास्त रुंदावत होती. पहिल्या दिवशीची घसरण मला या अभ्यासातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. खिसे खरवडले की जिवाणू आणि दाहाचे रेणू एकदम रक्तात उसळतात आणि धमनी काही तासांच्या हिशेबात प्रतिसाद देते. तोंड आणि धमनी यांच्यातला धागा खरा आहे, हे याहून स्पष्ट दाखवणं अवघड.

हाँगकाँगच्या अभ्यासात मात्र तीन महिन्यांनी पेशी घटल्या, पण धमनीच्या वागण्यात लक्षणीय फरक पडला नाही. असं का? तिथले रुग्ण तुलनेने सौम्य आजाराचे होते आणि काळही कमी होता, असं म्हणता येईल. मला यातून एवढंच दिसतं की पेशींची संख्या आणि धमनीचं आरोग्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीवरून दुसरीचा अंदाज बांधू नये.

आणखी एक अडचण आहे, ती पेशींच्या ओळखीचीच. सीडी३४ ही खूण रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींवरही असते. २००७ मध्ये मर्व्हिन योडर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रयोगशाळेत लवकर वाढणाऱ्या ज्या वसाहतींना सगळे दुरुस्ती-पेशी समजत होते, त्या मुळात रक्तपेशींच्याच कुळातल्या होत्या. स्वतः अस्तर बनू शकणाऱ्या पेशी वेगळ्या आणि फारच दुर्मिळ निघाल्या. म्हणजे आपण ज्यांना ‘दुरुस्ती-पेशी’ म्हणतोय त्यांतल्या बऱ्याच पेशी स्वतः अस्तर होत नाहीत. त्या जखमेच्या जागी जाऊन वाढीचे रेणू सोडतात आणि शेजारच्या पेशींना कामाला लावतात. दुरुस्तीला हातभार लागतो, पण मुकादम म्हणून. आणि त्यांच्यासोबत मज्जेतून दाह वाढवणाऱ्या पेशीही बाहेर पडतात, हे विसरून चालत नाही.

मज्जेचा हा दुसरा चेहरा २०२२ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आलेल्या उंदरांवरच्या कामात दिसला. हिरड्यांचा आजार घडवलेल्या उंदरांची मज्जा निरोगी उंदरांत बसवली. हिरड्यांचा आजार कधीच न झालेल्या त्या उंदरांना पुढे सांधेदुखी घडवली तेव्हा ती जास्त तीव्र झाली. हिरडीतल्या दाहाने मज्जेला जणू वळण लावलं होतं आणि ते वळण पेशींबरोबर नव्या शरीरात गेलं. माणसांत हे किती लागू पडतं ते ठरायचं आहे. तरी पायोरियाचा मज्जेशी संबंध नुसता पेशी बाहेर ढकलण्याइतका उथळ नाही, असं मानायला यामुळे जागा होते.

मग पायोरियाने हार्ट अटॅक येतो, असं म्हणावं का? नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळा पुरावा चाळून सांगितलं की संबंध आहे आणि तो सिगारेटसारख्या सामाईक कारणांचा हिशेब धरूनही उरतो, पण एकामुळे दुसरं होतं हे सिद्ध झालेलं नाही. हिरड्यांवर उपचार केल्याने झटके कमी होतात हे दाखवणारी मोठी चाचणी हातात नाही. सावध राहायला इतिहासातही कारण आहे. १९०० च्या सुमारास विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने तोंडातल्या संसर्गावर अनेक रोगांचं खापर फोडलं. पुढची काही दशकं संधिवातापासून मानसिक आजारांपर्यंत कशासाठीही धडाधड दात उपटले गेले. बहुतेकांना गुण आला नाही, दात मात्र गेले.

मधुमेहाच्या बाबतीत पुरावा जास्त भक्कम आहे. पायोरियावर उपचार केले की तीन-चार महिन्यांनी मधुमेहींचं एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा) सरासरी ०.४ टक्के-अंशांनी उतरतं. गोळ्या बंद करण्याइतकं नाही, पण दुर्लक्ष करण्याइतकंही नाही.

दुरुस्ती-पेशींची तपासणी करून घ्यायला कुठे जाऊ नका. ती संशोधनापुरती आहे आणि तिच्या आकड्यावरून कोणताही डॉक्टर तुमचे उपचार ठरवणार नाही. उपयोगी आकडे ते, जे डेंटिस्ट सळईने मोजतात: खिशांची खोली आणि किती ठिकाणी रक्त आलं. ते मागून घ्या, लिहून ठेवा. सिगारेट-तंबाखूवाल्यांनी एक लक्षात ठेवावं, त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात असं मानलं जातं, आणि आजार झाकला जातो, त्यामुळे ‘रक्त येत नाही, म्हणजे सगळं ठीक’ हा हिशेब त्यांना लागू होत नाही. स्केलिंग केल्याने दात सैल होतात ही तक्रारही नेहमीची. कीटण निघालं की आधीच गेलेल्या हाडाची पोकळी उघडी पडते आणि सूज उतरल्यामुळे हिरडी खाली सरकलेली दिसते. दात सैल झालेले असतात ते त्याआधीच.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, हृदयात कृत्रिम झडप असेल किंवा नुकताच झटका येऊन गेला असेल, तर सफाईआधी डेंटिस्टला सांगा. लंडनच्या अभ्यासातली पहिल्या २४ तासांची घसरण अशांच्या बाबतीत विचारात घ्यावी लागते. कृत्रिम झडप असलेल्यांना आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका. दात स्वच्छ करताना आलेलं रक्त थांबवता येतं, गोळी चुकल्याने झालेली गुठळी तितकी सहज हाताळता येत नाही. आणि एकदा खोल सफाई झाली की विषय संपला असं समजू नका. खिशांत जिवाणू परत जम बसवतात, म्हणून पायोरियाच्या रुग्णांना साधारण तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात. त्या भेटीत सळईचे आकडे पुन्हा घेतले जातात. जुना कागद सोबत न्या, म्हणजे कोणते खिसे भरत आलेत आणि कोणते अजून तसेच आहेत ते तिथल्या तिथे कळेल.